केटी लागली म्हणजे काय झाले?

2023 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही ऑफिसातून येऊन नुकतेच हातपाय धुतले होते, तोच मागच्या गल्लीतल्या एक ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, पोरगं चार दिवस झाले धड जेवत नाही. कॉलेजला म्हणून निघतो आणि स्टेशनावर बसून परत येतो. तुम्ही एकदा बोला त्याच्याशी."

मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला. पहिल्या वर्षाचा निकाल लागला होता आणि तीन विषय राहिले होते : गणित, मेकॅनिक्स आणि ड्रॉइंग. प्रवेशाच्या वेळी जात पडताळणीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज या सगळ्या धावपळीत आम्हीही होतो. प्रवेश पक्का झाला तेव्हा चौकात त्याच्या फोटोचा फलक लागला. तो फलक आमच्याच मंडळाने लावला, मजकूरही आम्हीच लिहिला, 'भावी अभियंता' म्हणून. वर्ष झाले तरी तो काढायचे कोणाला सुचले नव्हते. नापास झालेल्या मुलाला रोज त्या फलकाखालून जावे लागत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले काम म्हणून आम्ही शिडी मागवली आणि तो उतरवला. तेव्हापासून प्रवेशाचे फलक लावायचे आम्ही सोडले आहे.

आता केटी म्हणजे काय, ते आधी घरच्यांनी समजून घ्यावे. राहिलेला विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. किती विषय राहिले तर पुढे जाता येते, याचा नियम प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा. मात्र बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षात पाऊल टाकायचे तर पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटलेले असावे लागतात. म्हणजे हाताशी वेळ असतो, पण अमर्याद नसतो. शिष्यवृत्तीचे नूतनीकरणही पुढच्या वर्गात जाण्यावर अवलंबून असते, त्यामुळे वर्ष बुडाले की पैशाचीही ओढाताण होते. मुले नेमकी याच काळात निकाल लपवतात. आमच्या या मुलाने दोन महिने लपवला होता. बाप एसटीच्या वर्कशॉपात हेल्पर. त्यांना काय सांगायचे, म्हणून.

आम्ही कॉमर्सचे. गणित-मेकॅनिक्स आम्ही काय शिकवणार? पण आयटीआयमधून निवृत्त झालेले एक मास्तर आमच्या ओळखीचे. ड्राफ्ट्समनच्या वर्गाला त्यांनी उभी हयात शिकवले. त्यांना विहारामागच्या अभ्यासिकेत आणून बसवले. मास्तरांनी मुलाची ड्रॉइंगची शीट पाहिली आणि म्हणाले, "रेघा छान आहेत. पण तुला वस्तू दिसत नाही. तू रेघा पाठ केल्या आहेत." मग मला, म्हणजे आम्हाला, म्हणाले, "क्लार्कसाहेब, दोन गाजरं आणा."

पावसाळ्यातली गाजरे, महाग आणि बारीक. पण आणली. मास्तरांनी गाजर टोक वर करून धरले आणि सुरी चालवली. तळाला समांतर कापले तर काप वर्तुळ. थोडे तिरके, पण आरपार कापले तर लंबगोल. गाजराच्या तिरक्या कडेला समांतर सुरी घातली तर काप एका बाजूने उघडा राहतो, तो पॅराबोला. उभी सुरी घातली, पण टोकातून नाही, तर हायपरबोला. मुलाने हे चारही शब्द बारावीपासून ऐकले होते. हातात धरले होते त्या दिवशी पहिल्यांदा. पुढचे पंधरा दिवस त्या घरात साबण, बटाटा, मुळा, काही शाबूत राहिले नाही.

मग नरसाळे. कोनाच्या पृष्ठभागाचा पत्रा सपाट उलगडला तर त्याचा आकार कसा, हा परीक्षेतला हमखास प्रश्न. आमच्या बाजारात पत्र्याचे डबे-नरसाळी करणारे एक कारागीर बसतात. मास्तर मुलाला त्यांच्यापुढे बसवून आले. कारागीर वर्तुळातून फाक कापतो आणि गुंडाळतो. ती फाक किती अंशाची, हे तो डोळ्यांनी ठरवतो. मुलाने हिशोब केला : तळाची त्रिज्या 3 सेंटिमीटर, तिरकी उंची 9 सेंटिमीटर, तर 360 च्या एक तृतीयांश, म्हणजे 120 अंश. कारागिराने मापून पाहिले आणि हसला.

मेकॅनिक्सची कथा थोडी निराळी. मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमाचा. बल, घर्षण, संतुलन हे त्याला ठाऊक होते, पण इंग्रजी प्रश्न वाचेपर्यंतच अर्धा जीव जायचा. मास्तरांनी एकच सवय लावली. उत्तराच्या मागे लागायचे नाही, आधी आकृती. भिंतीला टेकलेली शिडी घ्या. भिंत पुसून टाका, जमीन पुसून टाका, नुसती शिडी काढा. आता पुसलेल्यांच्या जागी त्यांचे रेटे दाखवा : वजन खाली, जमिनीचा रेटा वर, गुळगुळीत भिंतीचा रेटा आडवा, आणि पाय घसरू नये म्हणून जमिनीचे घर्षण भिंतीकडे. चारही बाण नीट निघाले की पुढे बेरीज-वजाबाकीच उरते. फलक उतरवताना खाली शिडी कोणी धरली होती आणि का, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

वडिलांना सांगायचे काम आमच्याकडे आले. ते ऐकून घेत होते, बोलले काही नाही. मग त्यांनी मुलाचे पुस्तक ओढले, गिअरचे चित्र उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "हा दात तुटला की गाडी दुसऱ्यात पडत नाही." नववी शिकलेला माणूस. पुढच्या रविवारी त्यांनी एका ओळखीच्या गॅरेजात मुलाला नेऊन उघडलेली गिअरपेटी दाखवली. बापाला सूत्र येत नव्हते आणि मुलाने गिअर कधी हातात घेतला नव्हता. दोघे एका पेटीवर वाकलेले आम्ही पाहिले.

दुसऱ्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्स आले. मुले या विषयाला घाबरतात. आम्हाला मात्र तो वाचताना आपल्याच खात्यात आल्यासारखे वाटले. पहिला नियम म्हणजे सरळ जमाखर्च : जेवढी उष्णता दिली, तेवढी कामात तरी दिसली पाहिजे किंवा आत शिल्लक तरी. पै इकडची तिकडे नाही. दुसरा नियम मात्र कोणत्याही हिशोबतपासनिसाला पटणार नाही. तो म्हणतो, दिलेल्या उष्णतेचा काही भाग थंड बाजूला टाकावाच लागतो, सगळ्याचे काम होत नाही. फ्रान्सच्या सादी कार्नोने 1824 मध्ये याची मर्यादा दाखवली. वाफ 540 अंश सेल्सियसला आणि थंड बाजू 40 अंशाला असेल, तर आदर्श यंत्रही शंभरातले 61-62 च काम देईल. कोळशाच्या प्रत्यक्ष वीजकेंद्रात आकडा चाळिसाच्या आसपास, पुष्कळदा त्याहून कमीच. हे गणित करताना सेल्सियसमध्ये 273 मिळवायचे. विसरलात तर उत्तर 92-93 येते, दिसायला झकास, आणि मार्क शून्य. आमच्या मुलाने ही चूक चाचणीत केली. मग 273 हा आकडा त्याने दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवला.

ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स त्याने पहिल्याच फेरपरीक्षेत सोडवले. गणिताला दोनदा बसावे लागले. 2025 साली त्याने तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली, तेव्हा दुसऱ्या वर्षातला एक विषय अजून अंगावर होता. घरात सगळ्यांना तो ठाऊक होता. ताई तर येता-जाता विचारायच्या, "ते मशीनचं राहिलेलं कधी देतोस?"

अभ्यासिकेत दोन ड्रॉइंग बोर्ड आणि एक मिनी ड्राफ्टर पडून आहेत. ड्राफ्टरचा एक स्क्रू ढिला आहे, पण चालतो. ज्यांच्या मुलामुलींना पहिल्या वर्षाला लागत असतील त्यांनी रविवारी सकाळी येऊन न्यावेत आणि वर्ष संपले की परत आणून द्यावेत. मास्तर दहा वाजता येतात. येताना गाजर आणावे.