संकेतस्थळ उघडत नाही? आधी दोष शोधा, मग पैसे मोजा

दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीचे ३बी २० तारखेपर्यंत भरावे लागते. नेमके त्या दिवशी घरच्या संगणकावर संकेतस्थळ उघडत नाही, आणि आपले बांधव दुरुस्तीवाल्याला बोलावून विंडोज नव्याने टाकून घेतात. आमच्या मते हा खर्च बहुधा वाया जातो.

दोष संकेतस्थळात, लाइनमध्ये किंवा संगणकात असतो. आधी दुसरे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल तर राउटर बंद करून चालू करावा. मग संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा; आता उघडले तर दोष लाइनचा. मोबाइलवर उघडते आणि संगणकावर नाही, तर दोष संगणकाचा.

तेव्हा प्रथम त्याची तारीख पाहावी. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी, बहुधा सीआर२०३२, संपली की तारीख मागे जाते आणि ब्राउझर सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतो. बॅटरी बदलली, तारीख लावली, की काम झाले. तारीख बरोबर असूनही बँकेच्या संकेतस्थळावर असा इशारा आला, तर मात्र पुढे जाऊ नये.

उशिराला दिवसाला ५० रुपये शुल्क पडते, वर व्याज वेगळे. म्हणून काम २० तारखेवर ढकलूच नये, असे आमचे व्यापारी आणि कारागीर बांधवांना सांगणे आहे.