नंदीवर आलेल्या राजाच्या देशात

येलहंक्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे गावाहून पाहुणे आले की रविवारचा कार्यक्रम ठरलेलाच असतो. पहाटे चारला उठायचं, थर्मासमध्ये कॉफी भरायची आणि उजाडायच्या आत नंदी टेकडी गाठायची. बंगळूरच्या उत्तर टोकाला असलेल्या येलहंक्याहून नंदी चाळीसेक किलोमीटरवर. उंची १४७८ मीटर. गार वारा, अंगावरून जाणारे ढग, टिपूचा कडा... पाहुणे खूश! पण आताशा सुट्टीच्या दिवशी तिथे जाणं म्हणजे परीक्षाच. घाटातच मोटारींची रांग लागते. सूर्योदय पाहायला निघालेल्यांना पुष्कळदा समोरच्या गाडीचे मागचे दिवेच पाहत बसावं लागतं. वर पोचावं तर वेफर्सची रिकामी पाकिटं आणि ती हुंगणारी माकडं.

याच नंदीवर १९८६ च्या नोव्हेंबरात फार मोठे पाहुणे आले होते. सार्क संघटनेची दुसरी शिखर परिषद १६ आणि १७ नोव्हेंबरला बंगळूरला भरली होती. पंतप्रधान राजीव गांधी यजमान होते, आणि नेत्यांना निवांत बोलता यावं म्हणून नंदीची निवड झाली होती. सात देशांच्या या परिषदेला भूतानचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक आले होते. वय नुकतंच एकतीस पूर्ण झालेलं. त्यांचा देश केरळएवढा, आणि लोकसंख्या आजही आठ लाखांच्या आत. म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाइतकी!

या राजाचा डोंगराळ देश आपल्या माणसांनी एकदा तरी पाहावा. बर्फ, दऱ्या, मठ हे सगळं सिक्कीमला आणि लडाखलाही आहे. भूतानला जायचं ते डोंगर कसा सांभाळतात हे पाहायला.

न चढलेलं शिखर

भूतानमध्ये गांगखर पुएन्सुम नावाचं शिखर आहे. उंची सुमारे ७५७० मीटर. १९८५ आणि १९८६ साली परदेशी तुकड्यांनी त्यावर चढाईचे प्रयत्न केले, पण माथा कुणालाच गाठता आला नाही. पुढे १९९४ साली भूतानने ६००० मीटरहून उंच शिखरांवर चढाई बंद केली आणि २००३ पासून गिर्यारोहणच थांबवलं. कारण साधं आहे. तिथल्या लोकांच्या श्रद्धेनुसार शिखरांवर देवतांचा वास असतो, तिथे माणसाने पाय ठेवू नये. आज माणसाचं पाऊल न लागलेलं जगातलं सर्वांत उंच शिखर म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

आपल्याला हे नवल वाटायचं कारण नाही. कोकणातल्या आणि मावळातल्या देवराया अशाच टिकल्या. देवाच्या रानातली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा धाक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. भूतानने देवराईचा हा नियम सबंध देशाला लावला, एवढंच. तिथल्या २००८ च्या राज्यघटनेत देशाची किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील असं लिहिलेलं आहे, आणि प्रत्यक्षात जंगल त्याहूनही जास्त आहे.

हे कलम फक्त कागदावर नाही, हे प्रवासात कळतं. फुन्शोलिंगहून थिंफूला निघालं की तासन्‌तास हिरवा डोंगर सोबतीला असतो. थिंफू ही राजधानी, पण तिथे चौकात सिग्नल नाहीत. एकदा बसवून पाहिले, लोकांना रुचले नाहीत, काढून टाकले! आता पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हातवारे करून वाहतूक सांभाळतो, आणि ती पाहायलाही पर्यटक उभे राहतात. पुनाखाला फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर सतराव्या शतकातला किल्लेवजा मठ आहे. आपल्याकडे संगमावर देऊळ असतं. इथे देऊळ, किल्ला आणि सरकारी कचेरी एकाच भिंतीआड नांदतात.

पारोजवळचा तक्तसांग मठ म्हणजे या प्रवासाचा कळस. ३१०० मीटरहून अधिक उंचीवर, उभ्या कड्याला चिकटून तो उभा आहे. गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले अशी कथा आहे. १९९८ साली आगीत मठाचं फार मोठं नुकसान झालं, तेव्हा भूतानने तो पुन्हा जसाच्या तसा बांधला. वर गाडी जात नाही. निम्म्या वाटेपर्यंत घोडा मिळतो, पुढे दोन पाय. आत शिरण्यापूर्वी कॅमेरा आणि मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. घरातली मुलं कुरकुरतील, पण तासाभराने बाहेर येतील तेव्हा त्यांना आतलं काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं आठवेल!

बाराशे रुपयांचा प्रश्न

आता खर्चाचं बोलू. २०२२ पासून भारतीयांनाही तिथे माणशी दर रात्री १२०० रुपये शुल्क द्यावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. म्हणजे आई-वडील आणि या वयाची दोन मुलं पाच रात्री राहिली तर १८,००० रुपये नुसते शुल्काचे. हॉटेल, गाडी, जेवण वेगळं. मध्यमवर्गीय घरात यावर चर्चा होणारच. ‘एवढ्यात केरळची एक सहल होईल,’ असं कुणीतरी म्हणणार, आणि ते खोटंही नाही.

पण हे पैसे कशाचे, हेही पाहावं. पर्यटकांसाठी दार उघडलं ते १९७४ साली, आणि तेव्हापासून भूतानचं धोरण एकच आहे. थोडी माणसं यावीत, पण आलेल्यांनी डोंगराचा भार उचलावा. नंदीवर जायला फारसा खर्च येत नाही, म्हणून तिथला कचरा कुणाच्याच हिशेबात धरलेला नसतो. भूतानमध्ये तो हिशेब आधीच मांडून हातात देतात.

मात्र भूतान म्हणजे स्वर्ग, असंही समजू नये. १९९० च्या दशकात सुमारे एक लाख नेपाळीभाषक भूतानी देश सोडून नेपाळमधल्या छावण्यांत गेले. त्यांतले बहुतेक पुढे अमेरिकेसारख्या देशांत स्थायिक झाले. आनंदाच्या मोजमापासाठी नावाजलेल्या देशाची ही दुखरी बाजू आहे. आजही तिथली शिकलेली तरुण मुलं मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाची वाट धरताहेत. जंगल राखलं की घरची मुलं आपोआप राहतात असं नाही. तिथल्या माणसांशी गप्पा मारल्या तर हेही कळतं, आणि सहल तेवढी खरी होते.

जाण्यापूर्वी

बंगळूरहून बागडोग्राला विमानाने जावं आणि तिथून रस्त्याने फुन्शोलिंगची सीमा गाठावी. विमानानेच जायचं तर दिल्ली किंवा कोलकात्याहून पारोला जाता येतं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, नुसतं आधार कार्ड चालत नाही. मुलांचे जन्मदाखले मूळ प्रतीत सोबत ठेवावेत. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस उत्तम. पावसाळ्यात दरडींचं भय. तिथला न्गुलत्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा, त्यामुळे आकडेमोड नको. नियम आणि दर बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. शाकाहारी मंडळींनी निर्धास्त जावं, पण एमा दात्शी मागवताना जपून! चीज घातलेली ही भाजी मिरच्यांची असते. तिथे मिरची चवीपुरती घालत नाहीत, तिचीच भाजी करतात. ठेच्यावर वाढलेल्यांनीही आधी भात जास्त वाढून घ्यावा.

आणि परत आल्यावर येलहंक्याच्या मंडळींनी एखाद्या रविवारी पुन्हा नंदीला जावं. या खेपेला थर्माससोबत एक रिकामी पिशवी न्यावी आणि आपला कचरा तीत भरून घरी आणावा. मुलं ‘हे कशाला?’ म्हणून विचारणार नाहीत. त्यांनी तक्तसांग पाहिलेलं असेल.