छंद तुमचा, पारा कोणाच्या ताटात?

फ्रीमाँटच्या आपल्या काही मंडळींना सोनं शोधण्याचा छंद जडलाय. ताटलीत वाळू घोळवत नदीकाठी बसणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पूर्व विदर्भातले सोनझारी पिढ्यानपिढ्या हेच करत आले, तेही पोटासाठी. तक्रार आहे ती सक्शन ड्रेजच्या वकिलांबद्दल. तराफ्यावर इंजिन आणि पंप, पाणबुड्याच्या हातात जाड नळी, आणि नदीच्या तळाचा गाळ-गोटा ओढून घ्यायचा. कॅलिफोर्नियात यावर 2009 पासून बंदी आहे. "सरकारला दुसरे उद्योग नाहीत का?" हा प्रश्न मी परवा एकाच जेवणात तीनदा ऐकला.

आहेत ना. पण हाही आहे. 1848 नंतरच्या सोन्याच्या हव्यासात वाळूतलं सोनं धरून ठेवायला पारा वापरला. त्यातला बराचसा आला आपल्याच शेजारच्या न्यू अल्मेडन खाणीतून, सॅन होजेच्या दक्षिणेकडून. वाळूतलं सोनं काढताना सुमारे एक कोटी पौंड पारा निसटला, असा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा अंदाज आहे. सिएराच्या नद्यांच्या तळाशी तो अजून पडून आहे.

"मग ड्रेजवाले तो साफच करतात की!" हा त्यांचा लाडका मुद्दा. पाणी मंडळाने अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर याची चाचणी घेतली, 2005 मध्ये अहवाल आला. ड्रेजने सुमारे 98 टक्के पारा पकडला, हे खरं. पण उरलेला पिठासारखा बारीक होऊन गाळाबरोबर वाहून गेला, आणि त्या गाळातलं पाऱ्याचं प्रमाण घातक कचऱ्याच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त होतं. पुढे जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, तो माशांत साठत जातो. आपल्या उपसागरातला स्ट्राइप्ड बास बायकांनी (18 ते 49 वयाच्या) आणि मुलांनी खाऊच नये, असा राज्याच्या आरोग्य-धोका खात्याचा सल्ला आहे. त्यातला सगळा पारा ड्रेजचा नाही, जुन्या खाणींचा आहे. म्हणूनच तो पुन्हा ढवळायचा नसतो!

दुसरा मुद्दा 1872 च्या खाण कायद्याचा: "क्लेम माझा, हक्क माझा." राइनहार्ट खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये हा दावा एकमताने फेटाळला, केंद्रीय कायदा राज्याच्या बंदीच्या आड येत नाही. आधी, 2015 च्या कायद्याने तर पाणी मंडळाच्या परवानगीची अटही घातली होती. आणि ही लढाई सुरू कोणी केली? क्लॅमथ नदीकाठच्या कारुक जमातीने. सॅमनच्या अंड्यांची जागा उकरली जाते म्हणून ते 2005 मध्ये कोर्टात गेले. मासे हे त्यांचं जेवण, छंद नव्हे.

गंमत अशी, की हीच आपली मंडळी भीमेतल्या यांत्रिक बोटींचे, सक्शन पंपांचे फोटो पाठवून "वाळूमाफियांना फोडून काढा" लिहितात. भीमेत पंप लावणारा माफिया, आणि इथे पंप लावायचा तर स्वातंत्र्य? मला तरी दोन्हीकडे नळी एकच दिसते.

वीकेंडला डोंगरात जाणाऱ्यांनी ताटली जरूर न्यावी. जागेचे नियम आणि तिथे कोणाचा क्लेम आहे का, हे आधी बघावं. इंजिन मात्र घरी ठेवावं.