संगणकाचे स्पीकर : डब्यावरचा आकडा आणि कानाचा हिशेब

२०१७ साली जीएसटी आला आणि त्याच्या मागोमाग लहानसहान दुकानांतही संगणक आला. ज्यांनी आयुष्यभर वहीखात्यावर हिशेब लिहिला, त्यांच्याही गल्ल्याशेजारी आज पडदा उभा दिसतो. बिले बनवण्याचे काम दिवसातून फार तर दोन-तीन तासांचे. उरलेल्या वेळी त्याच यंत्रावर गझल लागते, कव्वाली लागते, जुनी फिल्मी गाणी लागतात. जरीच्या कारखान्यात अड्ड्यावर बसलेल्या कारागिराची तर गाण्याशिवाय सुई पुढे सरकत नाही. यात वावगे काही नाही. मात्र या गाण्यासाठी जे स्पीकर घेतले जातात त्यात आमचे बांधव घामाचा पैसा वाया घालवीत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे स्पीकर विकणारेही पुष्कळदा आमचेच बांधव असतात. म्हणून व्यापाराच्या पानावर हा विषय काढणे आम्हाला गरजेचे वाटते.

स्वस्त स्पीकरचा डबा हातात घेऊन पाहा. त्यावर ठळक अक्षरांत ‘१००० वॅट’, ‘२००० वॅट’ असा आकडा असतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ लिहिलेले असते. गिऱ्हाईक आकडा वाचतो, बारीक अक्षरे वाचत नाही. दुकानदारही आकडाच वाचून दाखवतो. दोन डबे शेजारी ठेवले की ज्याचा आकडा मोठा तो माल चांगला, असा सरळ सौदा होतो.

आता हे पीएमपीओ म्हणजे काय? एका क्षणाच्या झटक्यात यंत्रातून जास्तीत जास्त किती शक्ती निघू शकेल, याचा कंपनीने आपल्या मर्जीने काढलेला अंदाज. तो कसा मोजायचा याचा सर्वमान्य नियम कोठेच नाही. एकच स्पीकर एका कंपनीच्या हिशेबाने २०० वॅटचा, तर दुसरीच्या हिशेबाने २००० वॅटचा ठरू शकतो. याउलट ‘आरएमएस’ म्हणून जो आकडा दिलेला असतो तो यंत्राला सतत देता येणाऱ्या शक्तीचा. तो आकडा नेहमी लहान असतो, ५, १०, २० असा. म्हणूनच तो डब्याच्या तळाशी किंवा आतल्या कागदात दडलेला असतो. खरेदी करणाऱ्याने तोच शोधून काढावा.

आम्ही कापडाचे व्यापारी. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने गज गेला आणि मीटर आला. तेव्हापासून आमच्या हातातली लोखंडी पट्टी ठराविक मुदतीने वजनमापे खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावी लागते. पट्टी थोडी आखूड निघाली तर दंड भरावा लागतो, आणि तो रास्तच आहे. वॅट हेदेखील मीटरइतकेच पक्के माप आहे, एका सेकंदात एक ज्यूल ऊर्जा. असे असताना आमच्या मीटरला शिक्का लागतो आणि डब्यावरचा वॅट मात्र मोकाट फिरतो, हा कोणता न्याय? तो आकडा तपासायला एखाद्या दुकानात कोणी आल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.

ज्याला साधा गुणाकार येतो त्याला ही लबाडी दुकानातच पकडता येते. संगणकाच्या यूएसबीच्या छिद्रातून वीज घेऊन चालणारे स्पीकर बाजारात पुष्कळ आहेत. जुन्या म्हणजे २.० प्रकारच्या छिद्रातून नियमाप्रमाणे ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर वीज मिळते. ५ गुणिले अर्धा, म्हणजे अडीच वॅट. नव्या ३.० प्रकारच्या छिद्रातून साडेचार वॅट. जिथे आत जाणारी वीजच अडीच वॅट, तिथे बाहेर ५०० वॅट कोठून निघणार? गिरणीत दहा किलो गहू टाकून दोन हजार किलो पीठ घेऊन जाणारा आजवर जन्मलेला नाही. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या स्पीकरलाही हाच हिशेब लावावा. अडॅप्टरवर ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ लिहिलेले असेल तर ते १२ वॅट झाले. स्पीकरची सततची शक्ती त्याच्या आतच राहणार, कारण काही वीज उष्णतेतही जाते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना तर हे चांगले ठाऊक असते. हजार वॅटच्या डब्याचे झाकण उघडल्यावर आत टीडीए २०३० नावाची नखाएवढी चिप निघते, जिची कुवत चौदा वॅटच्या आसपास.

हा रोग फक्त आपल्याकडचाच आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतही १९६० च्या दशकात अॅम्प्लिफायरच्या कंपन्यांमध्ये अशीच आकड्यांची चढाओढ लागली होती. शेवटी १९७४ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की घरगुती अॅम्प्लिफायरची शक्ती सांगायची तर ती सततची सांगा आणि कोणत्या अटींवर मोजली तेही सांगा. २०२४ साली तो नियम दुरुस्त करून मोजणीच्या अटी आणखी पक्क्या केल्या. आपल्याकडे २००९ चा वैधमापन कायदा आहे, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद त्यात आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी वॅटचा प्रश्न या कायद्यांखाली लावून धरला पाहिजे. डब्यावर आरएमएस हा एकच आकडा मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती झाली तर निम्मी फसवणूक आपोआप बंद होईल.

पण कायदा येईपर्यंत गाणे तर ऐकायचेच आहे. तेव्हा मूळ प्रश्न असा की किती वॅट लागतात? आमचे उत्तर पुष्कळांना पटणार नाही. टेबलावर हाताच्या अंतरावर स्पीकर ठेवून ऐकणाऱ्याला पाच वॅट आरएमएस भरपूर झाले. मध्यम आकाराच्या दुकानाला दहा ते वीस. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने पडणारा फरक नीट लक्ष दिले तरच कानाला जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायचा तर वॅट सुमारे दहापट लागतात. म्हणजे २० वॅट घ्यावेत की २५, यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. तेच पैसे स्पीकरच्या पडद्यावर आणि पेटीवर खर्च झालेले बरे. राहिला यंत्रमागाचा कारखाना. तिथल्या खडखडाटावर मात करील असा स्पीकर शोधू नये. त्या गोंगाटाने कान आधीच शिणलेले असतात, त्यावर आणखी गाण्याचा मारा म्हणजे बहिरेपणाला आमंत्रण.

आता मालाविषयी. बाजारात सध्या चलती आहे ती ‘२.१’ ची, म्हणजे दोन चिमुकले स्पीकर आणि खाली धमधम करणारी एक पेटी. दुकानदार एखादे आजकालचे नाचाचे गाणे लावतो, पेटी धडधडू लागते, टेबल हादरते आणि गिऱ्हाईक खूश होऊन पाकीट काढतो. आम्हाला हे पाहून खळ भरलेल्या कापडाची आठवण होते. हातात घेतले की जाड, भरदार, कडक. एक धुणे झाले की जाळी. स्वस्त २.१ संचातली धमधम ही अशीच खळ आहे. दोन इंची पडदा साधारण दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली दम टाकतो आणि खालची पेटी एकाच सुरात घुमत राहते. दोघांच्या मध्ये जी जागा रिकामी राहते, नेमका तिथेच पुरुषाच्या आवाजाचा भरदारपणा असतो. मग गझल लावली की गाणारा नाकात गातो आहे असे वाटते आणि तबल्याचा डग्गा ढोलासारखा ऐकू येतो. चांगले २.१ संच नसतात असे नाही, पण ते चांगल्या किमतीला मिळतात.

ज्याला आवाज, हार्मोनियम, सारंगी, तबला ऐकायचा आहे त्याने ‘२.०’ म्हणजे साधी दोन स्पीकरांची जोडी घ्यावी. पडदा निदान तीन इंची, चार इंची मिळाला तर उत्तम. पेटी लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीची असावी. पातळ प्लॅस्टिकची पेटी स्वतःच थरथरते आणि गाण्यात आपला सूर मिसळते. बोटाने टिचकी मारून पाहिली तरी कळते. पाच-सातशे रुपयांच्या यूएसबी जोडीकडून बातम्या आणि बोलणे ऐकण्यापलीकडे अपेक्षा ठेवू नये. चार-सहा हजारांच्या आसपास जी लाकडी जोडी मिळते ती नीट वापरली तर पुष्कळ वर्षे चालते. वर्षा-दीड वर्षाने सातशेचा माल फेकत राहण्यापेक्षा हा सौदा स्वस्त पडतो. ब्ल्यूटूथचे बॅटरीवाले स्पीकर प्रवासाला ठीक आहेत. एका जागी ठेवायच्या वस्तूत मात्र बॅटरीचे पैसे कशाला भरायचे? ती झिजणारी चीज आहे. ती बसली की पुष्कळदा सगळा स्पीकरच अडगळीत जातो.

ज्यांची आवड १९५० च्या दशकातल्या गाण्यांची आहे त्यांना एक गोष्ट सांगून ठेवतो. ती गाणी मोनो आहेत, दोन्ही स्पीकरमधून तेच ऐकू येते. त्या काळच्या ७८ च्या तबकड्यांवर अगदी बारीक, तीक्ष्ण सूर उतरतच नसत. त्यांच्यासाठी ‘५.१’ चा पसारा मांडणे म्हणजे एका सदऱ्यासाठी अख्खे थान फाडणे होय.

खरेदीला जाताना आपले ओळखीचे गाणे बरोबर न्यावे. दुकानदाराचे गाणे त्याच्या मालाला शोभेल असेच निवडलेले असते. बास आणि ट्रेबलची बटणे मधोमध करायला सांगावीत. दोन जोड्या ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमी चांगला भासतो आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असते. मग आवाज हळूहळू अगदी कमी करावा. कमी आवाजातही शब्द स्पष्ट राहिले तर माल खरा. शेवटी गाणे बंद करून कान जवळ न्यावा. स्पीकर गुणगुणत असेल तर तो घरी नेल्यावरही गुणगुणणारच.

अडॅप्टर मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा. सरकारी आदेशानुसार त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. थानांच्या मांडणीला टेकून दिवसभर तापत पडलेला बेनामी अडॅप्टर काय करू शकतो, हे कापडवाल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

माल घरी आणल्यावर जागा नीट द्यावी. पुष्कळ दुकानांत स्पीकर वरच्या फळीवर, थानांच्या मागे कोंबलेले असतात. कापड बारीक सूर शोषून घेते. म्हणून कापडाच्या दुकानात आवाज दबलेला वाटतो आणि फरशीच्या मोकळ्या खोलीत तोच स्पीकर कर्कश होतो. स्पीकर कानाच्या उंचीवर, समोर, मध्ये आडोसा न ठेवता लावावेत. पहिल्या दिवशी लोक ज्याला ‘स्पीकर बिघडला’ म्हणतात, ते पुष्कळदा एवढ्यानेच सुटते. गाण्याची फाइलही पाहावी. सीडीवर एका सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट भरलेले असतात. मेमरी कार्डात हजारो गाणी कोंबताना तेच ६४ किंवा १२८ वर आणले जाते. इतके पिळून काढलेले गाणे महाग स्पीकरवर आणखीच उघडे पडते.

आता आमच्या विक्रेत्या बांधवांना एक विनंती. डब्यावरचा आकडा कंपनीने छापला, त्यात तुमचा दोष नाही. पण तो वाचून दाखवणे हे तुमचे काम नव्हे. शोकेसमध्ये प्रत्येक संचापुढे एक साधी चिठ्ठी लावा. आरएमएस किती, पडदा किती इंची, अडॅप्टर कोणता, हमी किती दिवसांची, एवढेच लिहा. सुरुवातीला गिऱ्हाईक विचारील की शेजारच्याकडे दोन हजार वॅट आहेत, तुमच्याकडे वीसच कसे? त्याला वरचा यूएसबीचा गुणाकार करून दाखवा. समजूत पटली की तो भावालाही तुमच्याकडेच घेऊन येईल. कापडाच्या धंद्यात आम्ही हे पाहिले आहे. पन्हा किती आणि रंग कच्चा की पक्का, हे न विचारता सांगणाऱ्या दुकानाला सणासुदीच्या जाहिरातीची गरज पडत नाही.

गिऱ्हाइकानेही पक्के बिल मागावे आणि त्यावर आरएमएस वॅट लिहून घ्यावेत. दुकानदार लिहून द्यायला कां-कूं करू लागला तर वाद घालू नये, सरळ पुढच्या दुकानात जावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, दुकानांना तोटा नाही.