जनावर दगावले, पण कशाने?



सकाळी गोठ्यात जावे आणि कालपर्यंत चांगली वैरण खाणारा बैल पाय ताणून पडलेला दिसावा, यापरते दुःख शेतकऱ्याच्या घरात थोडेच. मग आळीतली माणसे जमतात. कोणी म्हणतो पान लागले, कोणी म्हणतो नजर लागली, कोणाला शेजाऱ्याचा संशय. दोन तासांत बैल गावाबाहेर ओढून नेला जातो आणि त्याच्याबरोबर मरणाचे कारणही जाते. आठ दिवसांनी जोडीचा दुसरा बैल खाली बसला, की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

हा 'कशाने' शोधणाऱ्या शास्त्राला पशुविकृतिशास्त्र म्हणतात. डॉक्टर मंडळी पॅथॉलॉजी म्हणतात. नाव जड आहे, काम समजायला सोपे. रोगाचे कारण काय, त्याने शरीरात काय बिघडवले, कोणत्या अवयवावर कोणती खूण ठेवली आणि त्यामुळे बाहेर कोणती लक्षणे दिसली, ही साखळी जोडणे म्हणजे हे शास्त्र. लक्षण आपल्याला दिसते. खूण बहुधा आत दडलेली असते.

उदाहरण घ्या. अमळनेरच्या बाजूला एका ओळखीच्या घरी एक गाय महिनाभर झुरत होती. चारा कमी, दूध कमी, उतारावर जाताना कण्हायची, पुढचे कोपर बाहेर काढून उभी राहायची. पुढे गळ्याखालच्या पोळीला सूज आली. घरच्यांनी पोट बिघडले म्हणून काढे पाजले. गाय गेली. डॉक्टरांनी शवविच्छेदन केले तेव्हा जाळीदार पोटातून निघालेली बोटभर तार पडदा भेदून हृदयाच्या पिशवीत शिरलेली आणि पिशवी दुर्गंधी पाण्याने भरलेली. गाय गवत चावून नव्हे, आधी गिळून मग रवंथ करते, म्हणून तार-खिळा तिला कळत नाही. जड वस्तू जाळीदार पोटात बसते आणि हृदय तिथून अगदी जवळ असते. तार वैरणीचे भारे बांधायची होती. त्या घरात आता सुंभ वापरतात.

रक्तही बोलते. ज्वारीचे कोवळे पोंगे किंवा पाण्याचा ताण बसलेला खोडवा खाऊन जनावर तडकाफडकी मेले, तर रक्त लालभडक दिसते. त्या पोंग्यातल्या विषामुळे रक्तातला प्राणवायू शरीराला वापरताच येत नाही. नायट्रेटच्या विषबाधेत हेच रक्त चहासारखे तपकिरी होते. फऱ्या रोगात मांडीवर दाबले की कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. घटसर्पात घसा सुजतो.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. जनावर एकाएकी मेले आणि नाका-तोंडातून, गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर त्याला कोणीही चिरू नये, कातडे काढू नये. ती काळपुळी असू शकते. ती माणसालाही होते. शव उघडले की तिचे जंतू हवा लागून बीजरूप घेतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. डॉक्टर अशा वेळी कानाच्या शिरेतले थेंबभर रक्त काचेवर घेऊन तपासतात. मग खोल खड्डा, चुना.

याच काळपुळीवर काम करून रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली अमुक जंतूमुळे अमुक रोग होतो हे दाखवून दिले. त्याआधी, १७६२ मध्ये, फ्रान्समधल्या लियाँ गावी जगातली पहिली पशुवैद्यक शाळा निघाली, ती मुख्यतः बुळकांडीने गुरे पटापट मरत होती म्हणून. आपल्याकडे मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. दाट वस्तीत असले जंतू हाताळणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. आपल्या आजोबा-पणजोबांची दावणच्या दावण रिकामी करणारी बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली असे जाहीर झाले. नव्या पिढीला तो शब्दही ठाऊक नाही, ही केवढी मोठी गोष्ट!

१८९३ सालीच अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांचा लाल लघवीचा ताप गोचिडांमुळे पसरतो हे सिद्ध केले. ते आपल्याला उपयोगी पडले ते असे. ऑगस्ट २०२२ मध्ये, पोळ्याच्या तोंडावर, रावेर तालुक्यातल्या चिनावलला महाराष्ट्रातल्या त्या वर्षीच्या लम्पी साथीचा पहिला रुग्ण सापडला. केळीच्या त्या पट्ट्यातून रोग पुढे राज्यभर गेला, बाजार बंद झाले. हा रोगही माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत फिरतो. लम्पीची गाठ वरवरची नसते. ती कातडीच्या पूर्ण जाडीत उतरते, तोंडात, श्वासनळीत, कधी फुप्फुसातही होते. म्हणून तर गाठी थोड्या असूनही एखादे वासरू धापा टाकत जाते. गाठीवर नुसती हळद लावून भागत नाही ते यासाठी. शेळ्यांच्या देवीची लस तेव्हा गायी-बैलांना टोचली, कारण दोन्ही रोगांचे विषाणू एकाच घराण्यातले. हा रोग माणसाला होत नाही, तरी कित्येकांनी भीतीने दूध टाकून दिले.

त्या वेळी शासनाने दगावलेल्या गायीला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत ठरवली. अशी मदत किंवा विम्याचे पैसे मिळायचे तर मरणाचे कारण कागदावर लागते.

तेव्हा जनावर गेले की ओढून नेण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात माणूस पाठवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. आपल्या खानदेशी उन्हात शव लवकर कुजते आणि कुजलेल्या अवयवावरची खूण वाचता येत नाही. तोवर सावलीत ठेवा, कुत्री जवळ येऊ देऊ नका. डॉक्टर अवयवांचे पातळ तुकडे फॉर्मॅलिनमध्ये आणि जंतूंसाठीचा नमुना बर्फात ठेवून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवू शकतात. ते आले की गेल्या आठ दिवसांत काय चारले, कुठे चरायला सोडले, कोणती फवारणी केली, हे न लपवता सांगा. फवारणीचा रिकामा डबा सापडला तर तोही दाखवा.