धूर त्यांचा, कर्ज आपले

शेतकरी बंधूंनो, एकट्याने हळद मोंढ्यात नेली तर व्यापारी सांगेल तो भाव. दहा जणांनी मिळून नेली तर आपलेही दोन शब्द चालतात. हे वसमत-हिंगोलीच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. जगाच्या बाजारातही हेच आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत आणि चीन बीजिंगला एकत्र बसले. या चौकडीला ‘बेसिक’ गट म्हणतात. महिनाभराने कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अमेरिकेला या चौघांशी बसूनच मसुदा जुळवावा लागला. चौघांचे म्हणणे सरळ आहे. ज्यांनी दीडशे वर्षे धूर केला, त्यांनी आधी भार उचलावा. १९९२ साली रिओत हे तत्त्व सगळ्यांनी मान्यही केले. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी!

पण पैशाची वेळ आली की हात आखडतो. २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, हा कोपनहेगनचा शब्द २०२२ मध्ये कुठे पुरा झाला. त्यातही मोठा भाग कर्जाचा. २०२४ मध्ये बाकूला २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज ठरले. भारताने तिथेच हरकत घेतली, ती योग्यच होती.

याचा आपल्या बांधाशी काय संबंध? नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आठवा. बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठी तो आला, आपला जिल्हाही त्यात होता. काम चांगलेच. पण त्यामागे २०१८ मध्ये घेतलेले जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलरचे कर्ज आहे. म्हणजे धूर त्यांनी करायचा, सोयाबीन आपले पाण्यात जायचे, आणि परतफेडही आपणच करायची. हा कुठला न्याय?

आता थोडे कडू बोलतो. आज सर्वांत जास्त धूर चीन सोडतो. एका जुवाखालचे बैल, पण चाल एक नाही. तरीही जू मोडू नये; एकट्याला विचारतो कोण? मात्र कर्ज नको, अनुदान द्या, हा हेका सोडू नये.

आणि जो न्याय दिल्ली जगाकडे मागते, तो गावातही दिसला पाहिजे. २०२२ मध्ये शर्म-अल-शेखला हवामानाने होणाऱ्या नुकसानीसाठी वेगळा निधी मान्य झाला. तिथे हक्क सांगायचा तर पुरावा लागेल. म्हणून सरपंच आणि गावकारभारी मंडळींनो, अतिवृष्टीचा पंचनामा बांधावर जाऊन करा, ग्रामसभेत वाचून दाखवा. घरातच नोंद कच्ची असेल, तर बाहेर दावा पक्का कसा होणार?