तोतयाची बोली

लिलाव हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, तो परका असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. वास्तविक तो पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. गोव्यात आम्ही त्यास पावणी असेही म्हणतो. देवळाच्या प्रांगणात केळीचा घड किंवा नारळ पावणीस निघतो, तेव्हा पुकारणाऱ्याभोवती माणसे जमतात. कोण बोलतो, किती बोलतो, कोणाच्या बळावर बोलतो, हे सर्वांस दिसत असते. एखाद्याने ऐपतीबाहेरची बोली केलीच, तर शेजारचे म्हातारे गृहस्थ हसून विचारतात, "अरे, पैसे आणले आहेस ना?" पावणीची सचोटी ह्या एकाच गोष्टीवर उभी असते. बोलणाऱ्याचे तोंड तेथे लपून राहत नाही.

आज लिलाव देवळापुढून उठून घराघरांतील पडद्यावर जाऊन बसला आहे. तेथे माणूस दिसत नाही; दिसते ते एक टोपणनाव व त्यापुढील आकडा. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांस क्रिकेटपटूंची व फुटबॉलपटूंची चित्रकार्डे जमविण्याचा छंद आहे. त्यांतील काही जण घरच्या वडीलधाऱ्यांच्या मदतीने अशा लिलावांत बोलीही करू लागले आहेत. छंद चांगला आहे. त्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. परंतु ह्या बाजारात जी एक लबाडी चालते, तिच्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ती लबाडी अशी. विक्रेता स्वतः किंवा त्याचा साथीदार दुसरे नाव धारण करून आपल्याच मालावर बोली करतो. माल विकत घेण्याची त्याची इच्छा नसते. खऱ्या गिऱ्हाइकास वर चढविणे एवढाच त्याचा हेतू. आम्ही हिला तोतयाची बोली म्हणू. पानिपतच्या संग्रामानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक तोतया उभा राहिला व अनेक भाबडी माणसे त्याच्यामागे गेली, हे आपण इतिहासात वाचतो. १७७६ साली त्यास पुण्यात देहदंड झाला. योगायोग असा की, त्याच १७७६ साली इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफील्ड ह्या न्यायाधीशांनी एका लिलावाच्या खटल्यात, मालकाने आपल्या वतीने बोली करण्यास गुप्तपणे माणूस उभा करणे ही लोकांची फसवणूक होय, असा निर्णय दिला. म्हणजे हा रोग आजचा नव्हे. पडद्याने त्यास केवळ सोयीस्कर काळोख मिळवून दिला.

ह्या लबाडीचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. १९०९ ते १९११ ह्या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची कार्डे वाटली. त्यांत होनस वॅग्नर ह्या नामांकित खेळाडूचे कार्ड फारच थोडे छापले गेले. आपले चित्र पाहून मुलांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्यास रुचले नाही, म्हणून त्याने छपाई थांबविली, असे सांगतात. त्या दुर्मिळपणामुळे हे कार्ड संग्राहकांचे दैवतच होऊन बसले. त्यांपैकी एक उत्तम दिसणारे कार्ड १९८५ साली बिल मास्ट्रो नावाच्या व्यापाऱ्याने २५ हजार डॉलरला घेतले. पुढे हात बदलता बदलता २००७ साली तेच कार्ड २८ लाख डॉलरला गेले. दरम्यान मास्ट्रो हा क्रीडाविषयक वस्तूंच्या लिलावांतील अमेरिकेतील बडे प्रस्थ झाला होता. २०१२ साली त्याच्यावर व त्याच्या काही सहकाऱ्यांवर खटला भरण्यात आला. २०१३ साली त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. आपल्या लिलावांत खोट्या बोली घालून किमती चढविल्या, हे त्याने मान्य केलेच; शिवाय त्या सुप्रसिद्ध वॅग्नर कार्डाच्या कडा आपण कापून नीटनेटक्या केल्या होत्या, हेही सांगितले. २०१५ साली त्यास २० महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. जे कार्ड कोऱ्या कडांमुळे अप्रतिम ठरले, त्याच्या कडांवर कात्री चालली होती. ज्या लिलावगृहाच्या आकड्यांवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवीत, तेथील आकड्यांतही तोतये मिसळले होते.

ही युक्ती चालते कशी, हे समजून घेतले पाहिजे. पडद्यावरील पुष्कळ लिलावांत गिऱ्हाईक आपली कमाल मर्यादा आधीच सांगून ठेवते. समजा, एकाने ५,००० रुपयांची मर्यादा घातली व दुसऱ्या खऱ्या गिऱ्हाइकाची मर्यादा २,००० रुपये आहे. बोली शंभर शंभरांनी वाढत असेल, तर पहिल्यास ती वस्तू २,१०० रुपयांस मिळावयास हवी. परंतु मध्ये तोतया शिरतो. तो ३,००० म्हणतो, ४,००० म्हणतो, शेवटी ४,८०० म्हणतो. यंत्र प्रत्येक वेळी पहिल्याच्या वतीने शंभर रुपये वर चढते. अखेर त्यास ४,९०० रुपये मोजावे लागतात. २,८०० रुपये हकनाक गेले, आणि गेले हे त्यास कळतही नाही. चुकून तोतयाचीच बोली वरचढ ठरली तरी विक्रेत्याचे फारसे बिघडत नाही. 'त्या गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, आता वस्तू आपण घ्यावी,' असा निरोप तो पहिल्यास धाडतो. आणि तो बिचारा आपले भाग्य उघडले म्हणून आनंदतो!

ह्यावर काही लोक म्हणतात की, गिऱ्हाइकाने स्वखुशीने ५,००० ची मर्यादा घातली होती. त्याहून अधिक तर त्याच्याकडून घेतले नाही. मग फसवणूक कसली? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु गिऱ्हाइकाने ५,००० देऊ केले ते एका अटीवर: तितकी किंमत देऊ पाहणारा दुसरा खरा माणूस समोर असेल तर. ती अटच खोटी ठरली, तर संमती खरी कशी राहील? दुसरे असे म्हणतात की, विक्रेत्याने आपला माल मातीमोल जाऊ द्यावा काय? मुळीच नाही. त्याने किमान किंमत जाहीर करावी; त्याखाली माल विकणार नाही असे उघड सांगावे. आपल्या देशाचा १९३० चा माल-विक्री अधिनियम हेच सांगतो. त्याच्या ६४व्या कलमाप्रमाणे विक्रेत्यास किमान किंमत राखून ठेवता येते. इतकेच नव्हे, तर तसे आधी स्पष्ट जाहीर केले असेल, तर त्यास आपल्या मालावर बोलीही करता येते. परंतु हे न सांगता त्याने बोली केली अगर करविली, तर तो व्यवहार कपटाचा मानण्याचा खरेदीदारास अधिकार आहे. कायद्याचा राग बोलीवर नाही, लपवाछपवीवर आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आहे: कार्य चांगले असेल तर थोडी लबाडी चालेल. ह्याचे उत्तर आम्हांस पुस्तकांतून शोधावे लागले नाही. ते सांगताना आमची मान खाली जाते, तरीही सांगतो.

गेल्या वर्षी शाळेच्या ग्रंथालयासाठी निधी जमवावा म्हणून आमच्या वर्गाने क्रिकेटपटूंच्या जुन्या कार्डांचा एक संच लिलावास काढला. बोली वर्गप्रमुखाकडे भ्रमणध्वनीवरून कळवावयाची व त्याने नाव न देता केवळ आकडा गटावर लिहावयाचा, असे ठरले होते. दुसऱ्या दिवशी आकडा १५० रुपयांवर येऊन थांबला. आमच्यापैकी दोघांस वाटले, पुस्तकांसाठी एवढेच? म्हणून त्यांनी २०० ची बोली घातली. पलीकडून २१० आले. त्यांनी ३०० म्हटले, ३१० आले. ४०० म्हटले, ४१० आले. तेव्हा मात्र भिऊन ते थांबले. संच ४१० रुपयांस गेला व आम्ही सर्वांनी टाळ्या वाजविल्या.

घेणारा सातवीतील एक लहानखुरा विद्यार्थी निघाला. चतुर्थीस मामाने व आजीने दिलेले सारे पैसे त्याने आणून दिले. संच हातात घेऊन त्याने विचारले, "माझ्याशी इतका वेळ कोण झुंजत होता? त्यालाही ही कार्डे फार आवडत असणार. एखाददुसरे त्याला द्यावे म्हणतो."

त्या दोघांस त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस सांगितले. आम्ही सर्व मिळून वर्गशिक्षिका बाईंकडे गेलो. बाई रागावल्या नाहीत. "पैसे परत करणे सोपे आहे. त्याला खरे सांगणे तुमच्याच्याने होईल का?" एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही आपापसांत वर्गणी करून २६० रुपये त्यास परत दिले व घडले ते सांगितले. त्याने पैसे मोजले नाहीत. थोडा वेळ संचाकडे पाहून तो म्हणाला, "म्हणजे ही दुसऱ्या कोणालाच नको होती?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही त्याचे पैसे परत केले. पण आणखी कोणीतरी ह्या वस्तूवर आपल्याइतकेच प्रेम करतो, हा त्याचा आनंद परत देणे आमच्या हाती नव्हते. कार्ड म्हणजे शेवटी पुठ्ठ्याचा तुकडा. त्यास किंमत येते ती अनेकांच्या खऱ्या आवडीने. तोतया त्या आवडीचेच सोंग आणतो. शिवाय एकदा नोंदला गेलेला खोटा आकडा तेथेच थांबत नाही. पुढचा विक्रेता तो पुढे करतो, पुढचे गिऱ्हाईक तो प्रमाण मानते, आणि एका विहिरीत टाकलेले विष साऱ्या गावास प्यावे लागते.

म्हणून आमच्या बालमित्रांस आमचे सांगणे आहे. बोली करण्यापूर्वी वस्तूची किंमत आपल्या मनाशी ठरवा. भरात येऊन ती ओलांडू नका. एकाच विक्रेत्याच्या मालावर पुनःपुन्हा बोलणारे, पण कधीही काही न घेणारे टोपणनाव दिसले, किंवा मोठी बोली करून ऐन वेळी ती मागे घेणारा दिसला, तर सावध व्हा. वडील माणसांस विचारल्यावाचून पैसे गुंतवू नका. आणि पालकांस विनंती ही की, हा मुलांचा खेळ आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. बाजाराचा पहिला धडा मूल येथेच शिकत असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण स्वतः तोतया होऊ नये. यंदाही आम्ही ग्रंथालयासाठी लिलाव केला. बोली शाळेच्या पटांगणात, तोंडाने, सर्वांसमक्ष झाल्या. जमलेली रक्कम गेल्या वर्षीपेक्षा कमी भरली. सातवीतला तो विद्यार्थी आता आठवीत आहे. तो पहिल्याच रांगेत बसला होता. एका कार्डावर त्याने बोली केली, दुसऱ्या एका मुलाने ती चढविली, आणि दोघांनी मागे वळून एकमेकांची तोंडे पाहिली.